नकाशा एकीकडे, शेत दुसरीकडे : हातातल्या जीपीएसचा आणि नकाशांचा मेळ

धरणगावपासून समुद्र अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. तरीही रायगड-रत्नागिरीच्या ट्रॉलरवरचा तांडेल आणि वनहक्काच्या दाव्यासाठी चोपडा-यावलच्या रानात शेताची हद्द चालत मोजणारा तरुण यांच्या हातातली यंत्रे बऱ्याचदा एकाच जातकुळीची असतात : मुठीत मावणारा, दोन सेलवर चालणारा जीपीएस संच. दोघांची अडचणही एकच आहे. यंत्र बिंदू बरोबर पकडते. पण तो बिंदू नकाशावर ठेवायला गेले की जागा सरकते, नाहीतर फाइल उघडत नाही, नाहीतर चाललेल्या वाटेतली निम्मी वळणे गायब झालेली असतात. समुद्रावर त्यामुळे जाळे खडकात फाटते. सातपुड्यात कसती जमीन कागदावर वनखात्याच्या राखीव तुकड्यात जाऊन बसते, आणि दावा अडकतो.

यंत्र किती अचूक आहे याची चर्चा भरपूर होते. यंत्र, नकाशा आणि संगणकातली प्रणाली यांचा एकमेकांशी मेळ बसतो का, ही चर्चा मात्र दुकानदार आणि तंत्रज्ञ यांच्यावर सोडली जाते. माझ्या मते वनहक्काचे दावे, शेतीची मोजणी, पीक पाहणी आणि मासेमारी या चारही ठिकाणी निम्मे घोळ या मेळातच आहेत आणि ते टाळता येण्यासारखे आहेत.

मोजणीचा खानदेशी इतिहास

खानदेशाला मोजणी नवी नाही, आणि मोजणीवरचा अविश्वासही नवा नाही. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावात होते. सातपुडा आणि सातमाळ्याच्या रानातल्या भिल्लांना कह्यात आणण्याचे काम इथून चालले. पुढे महसुली मोजणी आली. मुंबई इलाख्यात तिचा पाया १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घातला होता. ती खानदेशात पोहोचली तेव्हा, १८५२ मध्ये, सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतल्या शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला आणि सरकारने सैन्य आणून तो मोडून काढला. साखळी कोणाच्या हातात आहे यावर सारा ठरतो, हे त्या शेतकऱ्यांना पक्के कळले होते.

ती साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आजचे गाव नकाशे, टिपणे आणि फाळणी नकाशे याच मापातून वाढले. त्यांच्यात शेजारच्या बांधाशी, विहिरीशी, नाल्याशी, त्रिसीमेच्या दगडाशी असलेले नाते नेमके आहे. अक्षांश-रेखांश मात्र नाहीत. जीपीएसचे उलटे आहे. त्याला शेजारी माहीत नाही, बांध माहीत नाही. त्याला फक्त पृथ्वीवरचा एक बिंदू माहीत आहे. या दोन पद्धतींची गाठ घालून देणे म्हणजेच मेळ बसवणे. हे काम आपोआप होत नाही. कोणीतरी ते करावे लागते, आणि कसे केले हे लिहून ठेवावे लागते.

पृथ्वीचे दोन साचे

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा घोळ डेटमचा. पृथ्वी नेमकी गोल नाही. ती किती चपटी धरायची आणि मोजणीचा उगमबिंदू कुठे धरायचा, याच्या ठरावाला डेटम म्हणतात. भारतात १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासेतून महात्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते नेले. १८३० चा एव्हरेस्ट गोलाभ आणि मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचे कल्याणपूर हा मूळबिंदू यांवर भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे शतकाहून अधिक काळ निघाले. जीपीएस वापरते तो डब्ल्यूजीएस-८४ हा वेगळा साचा आहे. नुसत्या विषुववृत्तीय त्रिज्येत दोहोंमध्ये आठशे मीटरहून अधिक फरक आहे, आणि केंद्रही एक नाही.

याचा जमिनीवर परिणाम काय? जुन्या नकाशावरून एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांश वाचले आणि ते यंत्रात जसेच्या तसे घातले, तर खानदेशात यंत्र तुम्हाला शंभर मीटरहून अधिक अंतरावर नेऊन उभे करते. सातपुड्याच्या उतारावर शंभर मीटर म्हणजे नाल्याचा पलीकडचा काठ, कधी दुसऱ्याच गावाची शीव, कधी वनखात्याचा दुसरा कक्ष. समोरच्या आकड्याचे दशांश मात्र अगदी नीटनेटके दिसतात, म्हणून चूक डोळ्यांत भरत नाही.

धरणगावचे उदाहरण घ्या. सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकपद्धतीत गाव ४६ ओ/८ या पत्रकात येते, तेही पत्रकाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला चिकटून. गावाच्या थोडे दक्षिणेला २१ अंशांचे अक्षवृत्त जाते आणि ४६ पी/५ सुरू होते. थोडे पश्चिमेला ७५ अंश १५ मिनिटांची रेषा ओलांडली की ४६ ओ/४. म्हणजे तालुक्याच्या कामाला निदान तीन पत्रके समोर घ्यावी लागतात. यातले एक जुन्या छपाईचे एव्हरेस्टवरचे आणि दुसरे नव्या खुल्या मालिकेतले डब्ल्यूजीएस-८४ वरचे असेल, तर काठावर रस्ता रस्त्याला जुळत नाही, नाला नाल्याला जुळत नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण मालिका आणि खुली मालिका अशा दोन वाटा केल्या आणि खुली मालिका डब्ल्यूजीएस-८४ व यूटीएम प्रक्षेपणावर आणली. २०१७ मध्ये, विभागाच्या अडीचशेव्या वर्षी, ‘नक्शे’ संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. पण कचेऱ्यांच्या कपाटांत, जुन्या झेरॉक्सांत आणि वनखात्याच्या कक्ष-नकाशांच्या मुळाशी अजून एव्हरेस्टच आहे.

यूटीएम प्रक्षेपणात पृथ्वी उभ्या पट्ट्यांत विभागतात, त्याचेही एक पथ्य आहे. खानदेश पूर्ण ४३ व्या पट्ट्यात येतो. त्या पट्ट्याची मध्यरेषा ७५ अंश रेखांशावर आहे, ती अमळनेरच्या थोडी पश्चिमेने जाते. नागपूर ४४ व्या पट्ट्यात. राज्याच्या दुसऱ्या टोकाला तयार केलेली संगणकातली मांडणी इथे जशीच्या तशी वापरली आणि पट्टा बदलायचा राहिला, की सगळा तालुका शेकडो किलोमीटर उडून दुसरीकडे पडतो. ही चूक निदान लगेच दिसते. शंभर मीटरची दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक.

अंश, मिनिटे आणि ठिपका

दुसरा घोळ आकडे लिहिण्याचा. एकच जागा तीन प्रकारे लिहितात : अंश-मिनिटे-सेकंद, अंश आणि दशांश मिनिटे, नुसते दशांश अंश. हातातल्या संचात कारखान्यातून बहुधा दुसरी पद्धत लावून येते. कागदावर पहिली असते. गुगलच्या नकाशावर तिसरी.

समुद्रावरचे उदाहरण घेऊ. १८ अंश ३० मिनिटे ४५ सेकंद ही जागा यंत्रात टाकायची आहे. पडद्यावर मिनिटांनंतर ठिपका आहे. घाईत ३०.४५० टाकले. खरे तर ४५ सेकंद म्हणजे पाऊण मिनिट, म्हणजे आकडा ३०.७५० हवा. फरक ०.३ मिनिटांचा, अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणून चूक साडेपाचशे मीटरांहून अधिक. हैदराबादची इन्कॉइस संस्था संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती बंदरापासूनचे अंतर, दिशा, खोली आणि अक्षांश-रेखांश अशी देते. ही इतकी उपयोगी माहिती या एका ठिपक्यापायी वाया जाऊ शकते. जमिनीवर तर २१.१५ अंश आणि २१ अंश १५ मिनिटे यांत गफलत झाली की अकरा किलोमीटरचा फरक पडतो.

उपाय साधा आहे. नोंदवहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर दोन गोष्टी लिहायच्या : डेटम कोणता आणि आकडे कोणत्या पद्धतीचे. मोजणीच्या छापील नमुन्यात हे दोन रकाने सक्तीचे हवेत.

फाइलींची कुलपे

तिसरा प्रश्न फाइलींचा. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या नेहमी एकत्र कालवल्या जातात. एक, यंत्रातून बाहेर येणारी नोंद : पॉइंट, ट्रॅक, मार्ग. दोन, यंत्रात आत जाणारा नकाशा.

बाहेर येणाऱ्या नोंदीचा प्रश्न जवळपास सुटला आहे. २००२ मध्ये जीपीएक्स नावाची खुली रचना आली आणि २००४ पासून तिची १.१ ही आवृत्ती स्थिर आहे. ती साध्या अक्षरांत लिहिलेली असते, कोणत्याही संगणकात नुसत्या लेखन-प्रणालीतही उघडून वाचता येते. तिचा डेटम ठरलेला आहे : डब्ल्यूजीएस-८४. म्हणजे निदान या टप्प्यावर डेटमचा वाद उरत नाही. गार्मिनचा संच असो, दुसऱ्या कोणाचा असो की मोबाइल असो, जीपीएक्स देता-घेता येते. क्यूजीआयएस ही विनामूल्य प्रणाली ती थेट उघडते. गुगल अर्थही उघडते. त्याची स्वतःची केएमएल रचना २००८ पासून खुले प्रमाण आहे. जुन्या संचांसाठी जीपीएसबॅबल हे विनामूल्य साधन एका कंपनीची नोंद दुसऱ्या रचनेत बदलून देते. सरकारी कचेऱ्या बहुधा शेपफाइल मागतात, तीही क्यूजीआयएसमधून काढता येते. एक पथ्य मात्र पाळायचे : शेपफाइल ही एक फाइल नसते, ती चार-पाच फाइलींचा संच असतो. त्यातली प्रक्षेपण सांगणारी बारीकशी फाइल पाठवायची राहिली, तर पलीकडच्या माणसाला पुन्हा अंदाज बांधावा लागतो.

आत जाणाऱ्या नकाशाची गोष्ट कठीण आहे. इथे कंपन्यांची कुलपे आहेत. गार्मिनचा नकाशा त्यांच्या स्वतःच्या आयएमजी रचनेत असतो. विकत घेऊन उतरवलेला नकाशा एका ठरावीक यंत्राच्या क्रमांकाला बांधलेला असतो. यंत्र मोडले की नकाशाही अडतो. त्यांचा ब्लूचार्ट हा सागरी नकाशा लोरन्स या दुसऱ्या कंपनीच्या संचात चालत नाही, आणि उलटही नाही. २०१७ मध्ये गार्मिनने नॅव्हिऑनिक्स ही सागरी नकाशांची मोठी कंपनीच विकत घेतली, तेव्हा निवड आणखी आकसली. संगणकातल्या प्रणालीही बदलत राहतात : मॅपसोर्सच्या जागी बेसकॅम्प आले, सागरी कामासाठीचे होमपोर्ट बंद झाले. पाच वर्षांपूर्वी शिकलेला माणूस पुन्हा नवशिका होतो.

त्याहून साधी अडचण म्हणजे काही संच नकाशा घेतच नाहीत. गार्मिनचाच, पाण्यावर तरंगणारा जीपीएस ७२ एच मासेमारीला चांगला, पण त्यात नकाशा भरता येत नाही. इट्रेक्स १० स्वस्त आणि मजबूत, पण त्यातही वेगळा नकाशा जात नाही. इट्रेक्स २० मध्ये जातो. खरेदीच्या निविदेत ‘जीपीएस संच, नग अमुक’ एवढेच लिहिले, तर पेटी उघडल्यावर हे कळते.

तरी कुलपांना वळसा घालणाऱ्या दोन वाटा आहेत. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा २००४ मध्ये सुरू झाला. एमकेजीमॅप या साधनाने त्याचा गार्मिनला चालणारा नकाशा विनामूल्य तयार होतो. दुसरी वाट जास्त मोलाची : कोणताही छापील नकाशा स्कॅन करून, त्यावरचे ओळखीचे बिंदू खऱ्या अक्षांश-रेखांशांशी जोडून, केएमझेड रूपात यंत्रात टाकता येतो. इट्रेक्स २०, जीपीएसमॅप ६२ आणि ७८ यांसारखे संच ते घेतात. मर्यादा चित्राच्या तुकड्यांची : एक तुकडा साधारण १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचा आणि बहुतेक संचांत असे शंभर तुकडे. एका मीटरला एक ठिपका धरला तर सुमारे शंभर चौरस किलोमीटर मावतात. एका पाड्याला, दोन-चार गावांना एवढे पुष्कळ झाले. गावचा नकाशा गावच्या यंत्रात, शिवारात उभे राहून पाहता येतो. कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत.

यंत्राची गळकी आठवण

चौथी गोष्ट सर्वांत कमी माहीत असलेली, आणि मला वाटते सर्वांत अन्यायाची. माणूस शेताच्या बांधावरून चालतो, यंत्र दर काही सेकंदांनी बिंदू टिपते. चालू नोंदीत असे सुमारे दहा हजार बिंदू मावतात. फेरी पूर्ण झाली की सवयीने ‘सेव्ह’ दाबले जाते. २००० ते २०१० च्या दरम्यानच्या अनेक संचांत, काळ्या-पांढऱ्या इट्रेक्सच्या आणि जीपीएसमॅप ७६ च्या पिढीत, इथेच गळती होते. साठवलेला ट्रॅक अडीचशे किंवा पाचशे बिंदूंत आवळला जातो आणि प्रत्येक बिंदूची वेळ पुसली जाते. बारीक वळणे सरळ होतात. नाल्याच्या आत शिरलेला पट्टा, टेकाडाच्या कडेची जीभ कापली जाते. पुढे कोणी विचारले, ही फेरी कोणत्या दिवशी कोणत्या वेळी घातली, तर फाइलीत उत्तर नसते. अशा संचात चालू नोंद पुसण्यापूर्वी ती जशीच्या तशी संगणकात उतरवणे एवढेच करायचे असते. ते कोणी सांगत नाही, म्हणून होत नाही.

तारखेचा आणखी एक सापळा आहे. जीपीएस आठवडे मोजते आणि दर १०२४ आठवड्यांनी तो आकडा पुन्हा शून्यावर येतो. २२ ऑगस्ट १९९९ ला तो आला, आणि त्यानंतर आपल्या घड्याळाप्रमाणे ७ एप्रिल २०१९ च्या पहाटे. ज्या जुन्या संचांची आतली प्रणाली सुधारली गेली नाही, त्यांची तारीख सुमारे एकोणीस वर्षे आठ महिने मागे जाते. जागा बरोबर, तारीख चूक. ज्या कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही कब्जाची निर्णायक तारीख आहे, तिथे पुराव्याच्या फाइलीवर जवळपास वीस वर्षांपूर्वीची तारीख वाचली गेली तर केवढा गोंधळ होईल, हे वेगळे सांगायला नको.

किती अचूकता कशाला पुरते

२ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत जाणारी चूक दहा-वीस मीटरच्या आत आली. आज मोकळ्या आकाशाखाली हातातला संच तीन ते पाच मीटरांत जागा सांगतो. भारताची ‘गगन’ प्रणाली घेणाऱ्या संचांत ती आणखी सुधारते. सागाच्या गर्द पानांखाली आणि अरुंद दरीत दहा मीटर किंवा त्याहूनही वाईट होते.

आता हिशेब करू. एक एकराचा चौरस तुकडा घ्या. त्याची बाजू ६३.६ मीटर. चारही बाजूंनी हद्द तीन मीटर आत धरली गेली, तर क्षेत्र ७२७ चौरस मीटरने, म्हणजे सुमारे सव्वासात गुंठ्यांनी कमी भरते. एकरातला जवळपास पाचवा हिस्सा. सगळी हद्द एकाच बाजूला तीन मीटर सरकली, तर क्षेत्र तेवढेच राहते, पण शेजाऱ्याच्या बांधावर चढते. म्हणून लहान तुकड्यासाठी हातातले यंत्र एकटे पुरत नाही. कोपऱ्यांवर थांबून सरासरी घेणे, दोन वेगळ्या दिवशी मोजणे, सोबत टेपने बाजू मोजणे, हे करावेच लागते.

सामूहिक वनहक्काचे गणित वेगळे आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. एवढ्या क्षेत्राच्या हद्दीवर तीन-पाच मीटरची चूक एक टक्क्याच्या आसपासही पोहोचत नाही. म्हणजे गावच्या सामूहिक दाव्यासाठी स्वस्त यंत्र आणि गावचीच पोरे पूर्ण पुरेशी आहेत. तिथे तज्ज्ञाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. वैयक्तिक दाव्यात मात्र यंत्राच्या आकड्याला अंतिम मानणे हा लहान शेतकऱ्यावर अन्याय आहे.

भूमी अभिलेख खात्याकडे आता रोव्हर नावाचे जास्त अचूक जीपीएस संच आहेत. सर्वेक्षण विभागाच्या कायम संदर्भ केंद्रांशी जोडून ते सेंटीमीटरमध्ये जागा सांगतात. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणांच्या ड्रोन मोजणीची आपल्याकडची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली होती. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण सेंटीमीटरचा बिंदू जुन्या गाव नकाशावर ठेवताना नकाशाच पाच-दहा मीटर ताणलेला असेल, तर सेंटीमीटरचा उपयोग काय? कापूस उत्पादकाला याचा अनुभव ई-पीक पाहणीत येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या ॲपमध्ये शेतकरी स्वतःच्या कपाशीत उभा राहून फोटो काढतो, आणि नकाशातला गट सरकलेला असेल तर आपण गटापासून दूर आहोत असे त्यालाच सांगितले जाते. शेतकरी जागेवर असतो, सरकलेला असतो नकाशा. दुरुस्ती नकाशाची व्हायला हवी, आणि ती मागण्याची सोपी सोय त्याच ॲपमध्ये हवी.

कायदा काय म्हणतो

वनहक्क कायदा २००६ चा, नियम १ जानेवारी २००८ पासूनचे. चार हेक्टरपर्यंतच्या वैयक्तिक हक्काचा दावा ग्रामसभेकडे, तिथून उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. राज्यात या दाव्यांची मोजणी जीपीएस यंत्रांनी झाली आणि पडताळणीसाठी उपग्रहचित्रे आली. चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावे फेटाळले गेले. सातपुड्यातली शेते लहान, दगडाळ, उतारावरची, झाडे राखून कसलेली. पावसाळा सरल्यावरच्या चित्रात ती पडीक रानासारखी दिसली तर त्यात नवल नाही. त्यात मोजणीच्या बिंदूंचा आणि चित्राचा मेळ दहा-वीस मीटरने चुकलेला असेल, तर शेताच्या जागी शेजारचे झाडोऱ्याचे ठिकाण तपासले जाते.

सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांत, १२-अ मध्ये, स्पष्ट म्हटले आहे की उपग्रहचित्रे आणि इतर तंत्रज्ञान पूरक पुरावा आहे, इतर पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही. ही तरतूद प्रत्येक वनहक्क समितीच्या सदस्याला तोंडपाठ हवी. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला, तेव्हा ‘फेटाळला’ या एका शिक्क्यावर किती घरे उभी आहेत हे देशाला दिसले. त्याआधी, मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला गेलेल्या किसान मोर्चाची आणि त्याच नोव्हेंबरात खानदेशातल्या लोकसंघर्ष मोर्चाने ठाण्याहून मुंबईला नेलेल्या पदयात्रेची एक मुख्य मागणी वनहक्काचीच होती.

तंत्रज्ञान उलट्या बाजूनेही वापरता येते, हे शेजारच्या गुजरातेत दिसले. नर्मदा जिल्ह्यातल्या आर्च-वाहिनी या संस्थेने आदिवासी गावांतल्या तरुणांना हातातले जीपीएस वापरायला शिकवले, त्यांनी स्वतः प्लॉट चालून मोजले आणि ते उपग्रहचित्रांवर बसवून दाखवले. फेटाळलेल्या दाव्यांना त्यातून बळ मिळाले. यंत्र तेच, चित्रेही तशीच. फरक एवढाच की फाइल गावाकडे होती.

समुद्राकडून शिकण्यासारखे

सागरी नकाशांच्या जगाने डेटमचा प्रश्न लवकर ओळखला. जुन्या सागरी नकाशांवर टीप छापलेली असते : उपग्रहाने मिळालेले स्थान या नकाशावर ठेवताना इतक्या मिनिटांनी अमुक दिशेला सरकवा. आपल्या जुन्या भूनकाशांवर आणि वनकक्षांच्या नकाशांवर अशी ओळ असती, तर कितीतरी वाद उभेच राहिले नसते. डेहराडूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय अधिकृत इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशे आंतरराष्ट्रीय एस-५७ प्रमाणात काढते. मोठ्या जहाजांवर त्यांची यंत्रणा २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. पण हातातला संच हे अधिकृत नकाशे वाचत नाही. ओपनसीपीएन ही विनामूल्य प्रणाली एस-५७ वाचते आणि मार्ग जीपीएक्समधून संचात पाठवते. लॅपटॉप असलेल्या होडीला ही वाट आहे. लहान होडीवरचा तांडेल मात्र पॉइंटांवरच चालतो : कोणता खडक कुठे, किती वावांवर, तेल-विहिरींचे मनोरे कुठे. वडिलांच्या काळात हे डोक्यात असायचे, आता ते यंत्रात आहे. ते पॉइंट जीपीएक्समध्ये उतरवून घरी जपले नाहीत, तर एका संचाबरोबर पिढीची माहिती पाण्यात जाते.

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये एक लाख मासेमारी नौकांवर संदेशवहनाचे ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. संकटात ते जीव वाचवतील. पण होडी कुठे फिरली याची नोंद सरकारला मिळत असेल, तर ती नोंद खुल्या रचनेत होडीच्या मालकालाही मिळायला हवी.

आता मागायचे काय

या सगळ्या आढाव्यातून मला एकच गोष्ट ठामपणे म्हणायची आहे : मोजणी ज्याची झाली, मोजणीची मूळ फाइल त्याच्या हातात हवी. आज त्याला छापील नकाशा मिळतो, फार तर क्षेत्राचा आकडा. वाद उभा राहिला की तपासायला त्याच्याकडे काही नसते. फाइल असेल, तर तालुक्याच्या गावातला कोणताही संगणक शिकलेला मुलगा ती क्यूजीआयएसमध्ये उघडून डेटम चुकला की कोपरा कापला गेला, हे तासाभरात सांगू शकतो.

म्हणून पाच मागण्या. वनहक्काच्या, शासकीय मोजणीच्या प्रत्येक प्रकरणात दावेदाराला आणि ग्रामसभेला न आवळलेला मूळ ट्रॅक जीपीएक्स रूपात द्यावा. मोजणीच्या नमुन्यावर डेटम, आकड्यांची पद्धत, यूटीएमचा पट्टा, यंत्राचे नाव आणि मोजणीची तारीख हे रकाने सक्तीचे करावेत. वनकक्षांचे आणि गावांचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आणून, किती मीटर सरकवले याची नोंद नकाशावरच छापून, ते सर्वांना खुले करावेत. सरकारी पैशाने घेतलेल्या प्रत्येक संचात खुली फाइल देण्या-घेण्याची आणि स्वतःचा नकाशा भरण्याची सोय आहे की नाही, हे निविदेतच तपासावे. आणि नियम १२-अ प्रमाणे, यंत्राचा आकडा आणि ग्रामसभेची साक्ष यांत विरोध आला, तर दावा फेटाळण्यापूर्वी मेळ तपासणे बंधनकारक करावे : कोणता नकाशा, कोणता डेटम, कोणती फाइल.

सरकार हे करेपर्यंत थांबायचे कारण नाही. चोपडा, यावल, रावेरच्या प्रत्येक वनहक्क समितीला एक संच, एक जुना लॅपटॉप आणि विनामूल्य प्रणाली एवढ्यावर काम सुरू करता येते. धरणगाव, अमळनेर, चोपड्याच्या महाविद्यालयांतल्या भूगोल विभागांनी दोन दिवसांचे शिबिर घेतले तर तेवढ्यात डेटम, ठिपका, जीपीएक्स आणि न आवळलेला ट्रॅक या चार गोष्टी शिकवून होतात. १८५२ मध्ये साखळी एकाच बाजूच्या हातात होती. आज तीच मोजणी शेतकऱ्याच्या मुलीलाही करता येते, तपासता येते आणि कार्यालयातल्या आकड्यासमोर स्वतःचा आकडा ठेवता येतो. तो ठेवायला तिला शिकवणे, हे काम येत्या उन्हाळ्यातच हाती घ्यावे.